वाड्यासमोरची फोर्ड : प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट २०२४

घरातल्या जुन्या फोटोंच्या सूचीतला फोटो क्रमांक ४१. कागदी प्रत, आतलं चित्र सव्वादोन बाय सव्वातीन इंच, भोवती बारीक पांढरी किनार. मागे पेन्सिलीने 'मोटार' एवढंच. साल नाही, स्टुडिओचा शिक्का नाही.

चित्रात वाईचा वाडा, दिंडीदरवाजा उघडा. समोर उघडी मोटार, हुड मागे दुमडलेला, तोंड कॅमेऱ्याकडे तिरपं. रेडिएटरवर जाड माळ, दोन्ही दिव्यांना माळा, पुढे नारळ फोडलेला दिसतो. म्हणजे खंडेनवमी किंवा दसरा, यात शंका नको. मोटारीमागे उभे आहेत ते माझे पणजोबा, ज्यांना घरात सगळे तात्या म्हणतात. फूटबोर्डवर एक पोरगा बसलाय. बाकीच्यांची नावं नंतर.

घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली माहिती अशी: "तात्यांनी ही फोर्ड पंचवीस साली घेतली. पसरणीच्या घाटात ती उलटी चढवायचे."

सूचीत दोन रकाने वेगळे ठेवतेय. गाडी कधीची आणि फोटो कधीचा. घरातल्या फोटोंच्या बाबतीत हे दोन प्रश्न लोक बिनदिक्कत एकच समजतात. दहा वर्षं जुन्या गाडीसमोरही माणसं हौसेने उभी राहतात, आणि त्या काळी तर राहतच होती.

५ ऑगस्ट

प्रत २४०० डीपीआयला स्कॅन केली. त्याच्या पुढे गेलं की तपशील वाढत नाही, नुसते कागदाचे तंतू मोठे होतात.

सव्वादोन बाय सव्वातीन हे माप १२० नंबरच्या रोल फिल्मचं. तेव्हा हौशी लोकांच्या प्रती बहुतेक निगेटिव्ह कागदावर थेट ठेवूनच काढत, मोठ्या करत नसत. म्हणजे चित्राचं माप तेच निगेटिव्हचं माप. एवढी छोटी प्रत आणि तरी आरे सुटे सुटे दिसतात, ते त्यामुळेच. ही फिल्म कोडॅकने १९०१ मध्ये नंबर दोनच्या ब्राउनी पेटी-कॅमेऱ्यासाठी काढली आणि ती आजही मिळते. तेव्हा मापावरून सालाला काही मदत नाही. मदत एवढीच, की हा स्टुडिओवाल्याचा नव्हे, घरातल्या किंवा ओळखीतल्या कुणाच्या तरी डबा कॅमेऱ्याचा फोटो आहे. कडांना चित्र मऊ पडलंय, तेही त्या एका साध्या भिंगाचंच लक्षण. मोटारीचा मागचा भाग नेमका त्या मऊ पट्ट्यात गेलाय.

एक तपासणी सुरुवातीलाच करून टाकली. निगेटिव्ह उलटी ठेवून प्रत काढली गेली असेल तर डावं-उजवं फिरतं आणि पुढचे सगळे निष्कर्ष बोंबलतात. तात्यांच्या कोटाचा छातीवरचा खिसा त्यांच्या डाव्या बाजूला आहे, नंबरप्लेटवरचे दिसणारे आकडे सरळ आहेत. प्रत बरोबर आहे. स्टिअरिंग खरोखरच उजवीकडे आहे.

१० ऑगस्ट

घरच्या ग्रुपवर स्कॅन टाकला होता. पहिला प्रश्न काकूचा: माळा काळ्या का? शुभ दिवशी काळ्या माळा कोण घालेल?

माळा झेंडूच्याच आहेत. त्या काळातल्या साध्या रोल फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. निळा आणि जांभळा तिला भरपूर दिसे, हिरवा-पिवळा कमीजास्त, तांबडा जवळजवळ शून्य. त्यामुळे निळं आकाश कोरं पांढरं होतं, नारिंगी झेंडू काळपट पडतो आणि कुंकू थेट काळं. बॉनेटवर जे पाच काळे ठिपके आहेत त्यांना मी आधी डाग समजून पुसायला निघाले नाही हे बरंच झालं. ती कुंकवाची बोटं आहेत. तात्यांच्या शेजारच्या बाईंच्या कपाळावरही तोच काळा ठिपका आहे.

यातून गाडीच्या रंगाबद्दलही काहीतरी हाती लागतं. मडगार्ड काळेभोर, चकाकणारे. दारं आणि बॉनेट त्याहून एक छटा फिकी. म्हणजे दोन रंग आहेत. फोर्डची जुनी मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळायची, आणि अख्खी काळी. इथे अंगाचा रंग वेगळा आहे. काळपट दिसणारा तो रंग गडद निळा असणं अवघड, कारण निळा या फिल्मवर उजळ निघाला असता. लालसर किंवा तपकिरी असण्याची शक्यता जास्त. गाडी नंतर कुणी रंगवली असेल तर मात्र हे सगळं फुकट, म्हणून रंग हा पुरावा मी खालच्या पायरीवर ठेवतेय.

११ ऑगस्ट

ग्रुपवर आलेली मतं: रोल्स रॉइस (एक), मॉरिस (दोन), "जीप असेल" (एक, आणि ते विनोदाने नव्हतं). शिवाय उजव्या हाताचं स्टिअरिंग म्हणजे गाडी विलायती, हे सगळ्यांनी गृहीतच धरलंय. नोंद करून ठेवली.

१७ ऑगस्ट

नाना पेठेत मिस्त्रीकाकांकडे गेले. त्यांच्या वडिलांनी आणि त्यांनी मिळून जुन्या अमेरिकन गाड्यांवर आयुष्य काढलंय. मोठा प्रिंट काढून नेला होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, प्रिंट नाकापाशी धरला, आणि गाडीकडे न बघता तिच्या पायांकडे बघितलं.

"ताई, रेडिएटरच्या खाली बघा. पाटा आडवा आहे. फोर्डच."

फोर्डने मॉडेल टी आणि तिच्यानंतरची मॉडेल ए, दोन्हींना पुढे एक आणि मागे एक असा कमानीसारखा आडवा पाटा, म्हणजे धक्के झेलणारी स्प्रिंग, दिला. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत. तेव्हाच्या शेवरलेटला पाटे लांबीच्या दिशेने, दोन बाजूंना दोन, आणि त्यांची टोकं पुढे शिंगांसारखी निघालेली दिसतात. आमच्या फोटोत बंपरच्या दोन पट्ट्यांच्या फटीतून त्या कमानीचा मधला भाग स्पष्ट दिसतो. मी हा फोटो इतके दिवस बघतेय आणि तिकडे लक्ष गेलं नव्हतं. लक्ष माणसांच्या चेहऱ्यांवर जातं.

मग मी विचारलं, टी का ए?

"पुढच्या चाकात ड्रम आहे का बघा. आऱ्यांच्या मागे."

आहे. थाळीएवढा गोल, सावलीतला. मॉडेल टीला पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते. पायाचा ब्रेक गिअरबॉक्सवर लागायचा आणि हाताचा मागच्या चाकांवर. चारही चाकांना ब्रेक मॉडेल एपासून आले. त्यांनी आणखी एक जागा बोटाने दाखवली: काचेच्या पुढे, बॉनेट संपतं तिथे, बरोबर मध्यावर एक गोल टोपण. ते पेट्रोलच्या टाकीचं. मॉडेल एची टाकी डॅशबोर्ड आणि इंजिन यांच्या मधल्या भागात, जवळजवळ ड्रायव्हरच्या मांडीवरच असायची. तिथून पेट्रोल आपोआप खाली कार्ब्युरेटरमध्ये उतरायचं, पंप नाही.

"आणि हे आरे," ते म्हणाले, "हे लाकडी नाहीत. लोखंडी, वेल्डिंग केलेले. एक आरा तुटला की अख्खी रिंग फेकायची. आमच्या वडिलांनी तरी किती जोडले त्यातले."

चहा झाला. निघताना म्हणाले, "साल मला विचारू नका. साल कागदावर असतं. मी सांगेन ते गाडी कोणती ते."

१८ ऑगस्ट

तर पंचवीस साल बाद.

मॉडेल ए लोकांना पहिल्यांदा दाखवली गेली २ डिसेंबर १९२७ ला. त्या वर्षी मे महिन्यात फोर्डने मॉडेल टी बंद केली, दीड कोटींवर गाड्या काढल्यानंतर, आणि नवी गाडी तयार होईपर्यंत कारखाने काही महिने बंदच ठेवले. म्हणजे फोटोतली गाडी कोणत्याही गणिताने १९२८ च्या आधी वाईला येऊ शकत नाही. दुसरं टोकही पक्कं आहे: १९३१ संपता संपता मॉडेल ए थांबली आणि १९३२ मध्ये आठ सिलिंडरची व्ही-एट आली.

चार वर्षांची खिडकी. हेही वाईट नाही, पण मॉडेल एच्या बाबतीत ती अजून अरुंद करता येते.

ग्रुपवर "ही १९२५ ची नाही" एवढंच लिहिलं. त्याला एकही अंगठा आला नाही.

२४ ऑगस्ट

आजचा दिवस चाकांचा.

१९२८-२९ ची मॉडेल ए आणि १९३०-३१ ची मॉडेल ए या इंजिनाने एकच गाड्या. २००.५ घनइंचांचं चार सिलिंडरचं इंजिन, ४० अश्वशक्ती, दोन्हींच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर १०३.५ इंच. पण १९३० च्या गाडीला अंग नवं दिलं. रेडिएटर उंच केला, मडगार्ड रुंद केले, आणि चाकं लहान. आधी २१ इंची रिम आणि त्यावर साडेचार इंची टायर. १९३० पासून १९ इंची रिम आणि पावणेपाच इंची टायर.

फोटोवरून रिम किती इंची हे मोजता येतं, आणि पट्टीशिवाय. चाक तिरपं दिसत असलं तर त्याची रुंदी आक्रसते, उंची आक्रसत नाही. म्हणून मोजायचं ते फक्त उभं: टायरची वरपासून खालपर्यंतची उंची, आणि रिमच्या कडेची वरपासून खालपर्यंतची उंची. त्यांचं गुणोत्तर कॅमेरा किती लांब होता यावर अवलंबून नाही.

हिशोब असा. २१ इंची रिम, दोन्हीकडे साडेचार इंच टायर, एकूण ३०. रिमची दिसणारी कड नाममात्र मापापेक्षा दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच जास्त, म्हणून २२. बावीस भागिले तीस, ०.७३. दुसरीकडे १९ इंची रिम, दोन्हीकडे पावणेपाच, एकूण २८.५, दिसणारी कड २०. वीस भागिले साडेअठ्ठावीस, ०.७०.

आमचा फोटो: टायर ७०२ पिक्सेल, रिम ४९१. भागाकार ०.६९९.

खरं तर फरक तीन शतांशांचा, त्यामुळे एवढ्यावर उडी मारली नाही. ज्यांचं साल पक्कं माहीत आहे अशा गाड्यांचे तिरपे फोटो घेऊन त्यांच्यावर हीच मोजणी लावली. जुन्या गाड्या ०.७२ ते ०.७४ च्या आसपास पडतात, नंतरच्या ०.६९ ते ०.७१. दोन घोळके एकमेकांत मिसळत नाहीत.

तरीही चाक हा साक्षीदार पूर्ण भरवशाचा नाही. १९ इंची चाकं जुन्या मॉडेल एला सहज बसतात, नट-बोल्टांच्या जागा त्याच आहेत. २१ इंची टायर मिळेनासे झाले तेव्हा कितीतरी मालकांनी तसं केलंही. मोटारीच्या खुणांचे माझ्यापुरते दोन वर्ग झालेत. सुटणाऱ्या: टायर, चाकं, दिवे, भोंगा, बंपर, रेडिएटरवरची टोपी, हुडचं कापड, रंग. आणि न सुटणाऱ्या: जिथे पत्रा पत्र्याला मिळतो त्या रेषा. साल ठरवायचं ते दुसऱ्या वर्गावर. पहिल्याने फार तर दुजोरा द्यावा.

म्हणून बॉनेटची रेषा. १९२८-२९ च्या गाडीत बॉनेट संपून काचेखालचा भाग सुरू होतो तिथे बाजूची रेषा मोडते, दोन वेगळे तुकडे जोडलेत हे कळतं. १९३०-३१ मध्ये रेडिएटरपासून निघालेली रेषा बॉनेटवरून, काचेखालून, दारांपर्यंत एकसलग जाते. आमच्या फोटोत पट्टी ठेवून पाहिली. सलग आहे. अख्खं बॉनेट आणि अंगच कुणी बदललं असेल असं मानायला मी तयार नाही.

१९३० किंवा १९३१.

२५ ऑगस्ट

न्यू जर्सीच्या चुलतभावाने मॉडेल एचा एक वर्षवार तक्ता पाठवला. छान आहे, पण अमेरिकेतला. तो आंधळेपणाने लावायचा नाही, कारण आमची गाडी अमेरिकेची नाही.

आणि विलायतेचीही नाही. ब्रिटनला गाड्या मँचेस्टरचा कारखाना पुरवायचा. बाकीच्या साम्राज्याला, म्हणजे भारत, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका वगैरेंना, फोर्डच्या गाड्या कॅनडातून यायच्या. फोर्डची कॅनडातली कंपनी १९०४ पासून होती, ऑन्टारिओत वॉकरव्हिलला, डेट्रॉइटच्या समोर नदीपलीकडे. साम्राज्यातल्या व्यापाराचे हक्क तिच्याकडे होते. त्यासाठीच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या तीच काढायची आणि १९२६ मध्ये तिने भारतात स्वतःची शाखा-कंपनी उभी केली. शेवरलेट काढणाऱ्या जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली तो हाच काळ. मुंबई बंदरातून देशावर मोटारी यायला लागल्या त्या अशा, आणि म्हणूनच त्या पिढीच्या तोंडी फोर्ड आणि शेवरलेट हीच नावं जास्त.

कॅनडाच्या गाड्या बारीकसारीक बाबतीत वेगळ्या. मॉडेल टीचं ठळक उदाहरण भावाच्याच तक्त्याच्या शेजारी छापलंय: अमेरिकन उघड्या टीला बरीच वर्षं ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं दार नुसतं उठावाचं होतं, उघडत नसे. कॅनडाच्या टीला ते खरोखर उघडायचं. तिथला तक्ता इथल्या फोटोवर ठेवला तर माणूस अशा ठिकाणी हमखास फसेल. शिवाय जहाजाने सुटे भाग येणार, इथे जोडणी होणार, मग विक्री. कारखान्यातला बदल आणि सातारा जिल्ह्यातल्या रस्त्यावर दिसणारा बदल यांत काही महिने जाणारच. त्यामुळे "१९३१ ची" याचा अर्थ मी १९३१ च्या पद्धतीची, एवढाच घेतेय.

३१ ऑगस्ट

१९३० की १९३१, याचं उत्तर फोर्डने रेडिएटरच्या चौकटीवर लिहून ठेवलंय. १९३० ची चौकट सगळी चकचकीत स्टेनलेसची. १९३१ च्या चौकटीला वर, फोर्डच्या लंबगोल बिल्ल्याभोवती, थोडा खोलगट भाग आणि तो रंगवलेला. दहा पावलांवरून ओळखू येतं.

आणि आमच्या गाडीच्या नेमक्या त्याच जागेवर तात्यांनी किलोभर झेंडू बांधलाय.

संध्याकाळपर्यंत त्या माळेशी झटापट केली. कॉन्ट्रास्ट वाढवून, कमी करून, फुलांच्या फटींतून काही दिसतंय का ते बघत. एका ठिकाणी काहीतरी चमकतं, पण तो बिल्लाही असू शकतो. त्यातून काही काढणं म्हणजे ढगात हत्ती बघणं. सोडून दिलं.

मग आठवलं, की रंगवलेला भाग फक्त वर नसतो. १९३१ च्या चौकटीला खालीही असतो, हँडल मारायचं भोक असतं त्याच्या भोवती. माळ तिथवर पोचत नाही. बंपरच्या वर, दोन बोटांएवढ्या जागेत चौकटीची खालची पट्टी दिसते. दोन्ही टोकांना लख्ख, मध्ये काळी. बंपरची सावली असेल का? सावली असती तर तिची कड बंपरसारखी वाकडी आली असती आणि उन्हाच्या बाजूला पातळ झाली असती. ही कड सरळ आहे आणि दोन्ही बाजूंना मध्यापासून सारख्याच अंतरावर संपते. रंगाचीच पट्टी आहे.

दुसरी खूण फूटबोर्डच्या वरचा आडवा पत्रा, फूटबोर्ड आणि अंग यांच्या मधला. १९३० च्या गाड्यांना तो दोन तुकड्यांचा, १९३१ च्या गाड्यांना अखंड. आमच्या फोटोत पुढचा भाग दिसतो, मागचा दिसतो, जोड कुठेही दिसत नाही. पण मधल्या भागासमोर त्या पोराचे पाय लोंबतायत. वर तो हलला आहे, पाय धूसर. जोड असलाच तर पायांच्या मागे असेल.

रेडिएटरची चौकट अपघातानंतर बदलता येते, म्हणजे ती पूर्णपणे न सुटणारी खूण नव्हे. तरी दोन्ही खुणा एकाच बाजूला झुकतात. नोंद: "बहुधा १९३१". 'बहुधा' काढणार नाही.

७ सप्टेंबर

गणपती. वाईला आलोय सगळे. काम बंद.

९ सप्टेंबर, वाई

काम बंद राहिलं नाही, कारण आत्याआजी भेटली. ती तात्यांची धाकटी लेक, एकोणनव्वद वर्षांची. कान गेलेत, बोलणं खणखणीत.

मी तिला सांगितलं, फोटोतली मोटार पंचवीस सालची नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं की पुढचं वाक्य मी गिळलं.

"अगं, पंचवीस सालीच आली. माझ्या आईचं लग्न झालं त्याच साली. आई सांगायची ना. हँडल मारायला दोन गडी लागायचे. गिअरचा दांडाच नव्हता तिला."

दांडा नव्हता?

"नव्हता. पायाखाली तीन पेडलं. एक पुढे जायचं, एक मागे यायचं, एक थांबायचं. आणि पसरणीचा घाट आला की सगळ्यांना खाली उतरवायचे, गाडी फिरवायची आणि उलटी वर न्यायची. पाचगणीला जाणारी गोरी माणसं थांबून बघायची म्हणे."

जेवणाची पानं घेतली तरी मी तिथेच बसून होते. तिने सांगितलेला शब्दन्‌शब्द मॉडेल टीचा आहे. टीला नेहमीचा गिअरचा दांडा नव्हता. डावं पेडल दाबलं की सावकाश पुढे, सोडलं की वेगाने, मधलं मागे जाण्याचं, उजवं ब्रेकचं. पेट्रोलचा दट्ट्या पायाशी नाही, स्टिअरिंगखाली हाताशी. आणि उलटं चढणं ही घरातली थाप नव्हे. टीची टाकी पुढच्या सीटखाली असायची आणि पेट्रोल नुसतं उताराने इंजिनाकडे जायचं. टाकीत पेट्रोल कमी असेल आणि चढ तीव्र असेल, तर गाडीचं नाक वर होऊन कार्ब्युरेटर टाकीच्या वर जायचा आणि पेट्रोल पोचेनासं व्हायचं. तोंड फिरवलं की टाकी वर, इंजिन खाली. शिवाय टीचा उलटा गिअर सगळ्यांत ताकदीचा. जगभर लोक तिला घाटात उलटी चढवत. १९२६ च्या सुधारलेल्या टीमध्ये बहुतेक नमुन्यांत फोर्डने टाकी उचलून पुढे, काचेखाली नेली, आणि मॉडेल एत ती तिथेच राहिली. फोटोतल्या गाडीला पसरणीत पाठ फिरवायची काही गरज नव्हती.

मोटारी दोन होत्या. एक टी, पंचवीस सालची किंवा त्याआधीची, घाटात उलटी चढणारी. दुसरी ए, फोटोत असलेली. दोन्ही फोर्ड, दोन्ही उघड्या, दोन्ही तात्यांच्या. पहिलीची गोष्ट राहिली, दुसरीचा फोटो राहिला, आणि कुणीतरी गोष्ट फोटोखाली चिकटवली.

आत्याआजीला हे ओरडून सांगितलं. "मी तेच तर म्हणत्येय," ती म्हणाली.

२२ सप्टेंबर

गाडीचं झालं. आता फोटो कधीचा.

नंबरप्लेटचा डावा भाग केळीच्या खुंटाने झाकलाय, पण मधल्या जागेवरून तिथे तीन अक्षरं मावणार नाहीत. १९३९ चा मोटार कायदा त्या वर्षी जुलैत लागू झाला. त्यात प्रत्येक प्रांताला अक्षरं ठरवून दिली आणि मुंबई प्रांताच्या गाड्या 'बीएम'ने सुरू होणाऱ्या तीन अक्षरांच्या झाल्या. तशी पाटी इथे नाही. दिव्यांवर युद्धकाळातलं झाकण नाही, मडगार्डच्या कडांना पांढरा पट्टा नाही, मागे कोळशाच्या गॅसचं पिंप नाही. म्हणजे चाळिशीच्या दशकाआधीचा फोटो. खालची मर्यादा १९३१, वरची साधारण १९३९.

मधली आठ वर्षं मोटारीवरून कमी होणार नाहीत. तिचं काम संपलं.

२८ सप्टेंबर

मोटार सोडून माणसांकडे वळले आणि दहा मिनिटांत सुटलं.

फूटबोर्डवरचा पोरगा म्हणजे माझे आजोबा. आत्याआजीनेही ओळखलं, कानांवरून. शाळेच्या दाखल्यावर जन्म मार्च १९२६. फोटोत ते हसतायत, आणि पूर्ण मोठा करून बघितलं तर वरचे समोरचे दोन दात नाहीत. दुधाचे पडलेत, पक्के आलेले नाहीत. हे वय सहा ते सात, फार ओढलं तर साडेसात. दसरा म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर. १९३२ चा दसरा, किंवा १९३३ चा.

डाव्या मडगार्डला पोचा आहे आणि फूटबोर्डवरचा रबर एका कोपऱ्यात उचकटलाय. वर्ष-दोन वर्षं वाईच्या रस्त्यांवर चाललेल्या गाडीला हे शोभतं. नवी कोरी गाडी घरी आली त्या दिवसाचा हा फोटो नाही, हेही त्यावरून कळतं.

६ ऑक्टोबर

सूचीत लिहिलेली नोंद, जशीच्या तशी:

"क्र. ४१. वाई, वाड्यासमोर, खंडेनवमी किंवा दसरा, १९३२ किंवा १९३३. मोटार: फोर्ड मॉडेल ए, चार दारांची उघडी, उजवं स्टिअरिंग, कॅनडाची बनावट. १९३०-३१ च्या अंगाची (बॉनेटची रेषा, चाकं), बहुधा १९३१ (रेडिएटर चौकटीची खालची रंगीत पट्टी, फूटबोर्डवरचा पत्रा अखंड दिसतो पण मधला भाग झाकलेला). मूळ रंग अनिश्चित, निळा नसावा. घरातली '१९२५' आणि 'घाटात उलटी' ही माहिती या गाडीची नव्हे. आधीच्या मॉडेल टीची. त्या गाडीचा फोटो अद्याप नाही."

मिस्त्रीकाकांना प्रिंटची प्रत दिली. त्यांनी ती टेबलाच्या काचेखाली सरकवली.

ग्रुपवर नोंद टाकल्यावर वडिलांच्या चुलतभावाने विचारलं, की मग टी विकली कुणाला आणि केवढ्याला? प्रश्न योग्य आहे. माळ्यावरच्या फडताळात तात्यांच्या रोजकीर्दी आहेत, मोडी लिपीत. १९२४ ते १९३३ पर्यंतच्या वह्या खाली काढून झटकून ठेवल्यात. १९३० ची उंदरांनी अर्धी नेलीय, १९३१ ची शाबूत आहे. मोडी वाचणारे एक सर पुढच्या रविवारी येतो म्हणालेत. त्यांना आधी काय शोधायचं ते सांगून ठेवलंय: पेट्रोलचे डबे, टायर, आणि 'फोर्ड'.